हे टॉवेल धुणार कोण?

धुरी सर आमच्या दुकानात पहिल्यांदा आले आणि दोन खिडक्यांचे पडदे घेऊन गेले. खरं तर ते पडदे घ्यायला आलेच नव्हते. अनोळखी माणसाशी न बिचकता कसं बोलावं, हे आम्हाला शिकवायला हेड ऑफिसने त्यांना पाठवलं होतं.

आमचं दुकान बोरिवली पश्चिमेला. खाली गाद्या, उशा, चादरी आणि वरच्या मजल्यावर टॉवेल, पडदे, टेबलक्लॉथ. टॉवेलचं काउंटर माझं आणि समोरचं पडद्यांचं रेश्माचं. रेश्मा चारकोपहून यायची. पोरगी कामाला वाघ, पण बोलायची वेळ आली की हिच्या घशाला कुलूप. ‘काही हवंय का?’ एवढं एकच वाक्य तिला येत असे आणि तेही ती गिऱ्हाइकाला न विचारता हातातल्या पडद्याला विचारत असे. त्या दिवशी एक उंच, वाळके गृहस्थ जिना चढून आले, इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. भिंतीशी पडदे होते. रेश्माने पडद्याला विचारलं, ‘काही हवंय का?’ गृहस्थांनी मान हलवली. ती नाही म्हणून हलवली की हो म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. रेश्माने हो समजून एक पडदा उलगडला. त्यांनी पुन्हा मान हलवली. तिने दुसरा काढला. असे दोघे जण एक अक्षर न बोलता अर्धं कपाट खाली करून बसले आणि शेवटी खालच्या मजल्यावर बिल करताना गृहस्थांनी खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढलं.

आमचे मॅनेजर नाईक ते वाचून उभेच राहिले. “अहो, म्हणजे ते ट्रेनर तुम्हीच? सांगायचं नाही का?”

“सांगणारच होतो,” धुरी सर म्हणाले, “पण त्या ताई इतकं मनापासून दाखवत होत्या. मध्येच कसं थांबवायचं?”

नाईक हुशार माणूस. त्यांनी हेड ऑफिसला कळवलं की ट्रेनरसाहेबांनी पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक बनून स्टाफची गुप्त परीक्षा घेतली आणि स्टाफ उत्तम गुणांनी पास झाला. हेड ऑफिस खूश झालं. धुरी सरांच्या घराला एकच खिडकी होती, हे आम्हाला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्हा वरच्या मजल्यावरच्यांना गोल बसवून त्यांनी आपली ओळख करून दिली. ट्रेनर लोक ओळख करून देतात म्हणजे काय, हे आम्हाला पाठ होतं. आधीचा एक जण टाळ्या वाजवायला लावायचा. दुसरा आरशात बघून ‘मी जिंकणार’ म्हणायला लावायचा. त्या आरशात आम्हाला मागच्या शेल्फवरची धूळच तेवढी दिसायची. धुरी सर खुर्चीच्या कडेवर टेकले आणि बुटांकडे बघत म्हणाले, “मी स्टॉकमध्ये होतो. अंधेरीला. आयुष्यभर गठ्ठे मोजले. गठ्ठ्यांशी बोलावं लागत नाही. आता ते काम कॉम्प्युटरवर गेलं. मग मला म्हणाले, तुम्ही ट्रेनर व्हा. दिवाळीपर्यंत बोरिवलीच्या दुकानाने डझनभर बिझनेस कस्टमर आणले तर ठीक. नाहीतर आपण दोघं बसून विचार करू, असं सुमित सर म्हणाले.”

सुमित सर म्हणजे आमचे रीजनल साहेब. वयाने लहान, बोलायला गोड. त्यांनी ज्यांच्याबरोबर ‘बसून विचार’ केला होता, ते सगळे आता घरी बसून विचार करत होते.

“रिटायरमेंटला किती वर्षं आहेत सर?” मी विचारलं.

“तीन वर्षं.” मग म्हणाले, “तसं पोटापाण्याचं काही नाही हो कदम मॅडम. पण मिसेस गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. मी काही मोठा बोलणारा नव्हे, पण ऑफिसात ‘चहा घेतला का’ असं कोणीतरी विचारतं. तेही गेलं तर मी बोलायचाच बंद होईन, अशी भीती वाटते.”

ट्रेनिंगच्या सुरुवातीला ट्रेनरने आपलीच भीती सांगावी, हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. रेश्माने उठून त्यांना चहा आणून दिला. त्या दिवसाचं ट्रेनिंग तिथेच संपलं.

आता हे बिझनेस कस्टमर म्हणजे काय, ते सांगते. दुकानात येणारी सगळीच माणसं घरासाठी घेत नाहीत. कोणाचं ब्युटी पार्लर असतं, कोणाचं लॉज, कोणाचा दवाखाना. ही माणसं दर थोड्या महिन्यांनी टॉवेल, चादरी नेतात, पण साध्या गिऱ्हाइकासारखी येतात आणि साध्या गिऱ्हाइकासारखीच जातात. त्यांना ओळखायचं, बोलतं करायचं आणि आपल्याशी कायमचं बांधून घ्यायचं, अशी कंपनीची कल्पना. कल्पनेत खोट काढायला जागा नव्हती. फक्त मुंबईत अनोळखी माणसाला ‘तुम्ही काय करता?’ असं विचारून बघा. तो आधी तुम्हाला विमा एजंट समजतो. मग पिशवी घट्ट धरतो. एका बाईंनी तर मला “तुम्हाला काय करायचंय?” असं विचारून घेतलेले नॅपकिनसुद्धा परत ठेवले होते. त्यामुळे घरासाठी घेणाऱ्या बायकांशी तासन्‌तास गप्पा मारणाऱ्या आम्ही पोरीबाळी, गिऱ्हाईक जरा साहेब-मॅडम वाटलं की घडी घालायच्या नावाखाली खाली वाकायचो.

धुरी सरांचं निदान वेगळं नव्हतं, कारण त्यांनाही तोच रोग होता. आम्ही खाली वाकायचो, ते पडद्यामागे जायचे. पडद्यांचं काउंटर त्यांना सोयीचं पडत असे. घाबरले की त्यांच्या तोंडून मालवणी बाहेर पडायची, एरवी ते पुस्तकात छापल्यासारखं बोलत. त्यामुळे पडद्यामागून “माका जमूचा नाय गो बाय” असं ऐकू आलं की समोर मोठं गिऱ्हाईक उभं आहे, हे आम्ही न बघताच ओळखायचो.

पहिला महिना असाच गेला. बाकीच्या दुकानांतून एकदोन नावं आली, आमच्याकडून एकही नाही. सुमित सरांचा फोन आला की धुरी सर उभे राहून बोलायचे.

मग एके दुपारी एक बाई आल्या. ठसठशीत, केस नुकतेच रंगवलेले. एकाच मरून रंगाचे दोन डझन नॅपकिन त्यांनी काउंटरवर रचले. घरासाठी कोणी एकाच रंगाचे दोन डझन नॅपकिन घेत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी डोळ्यांनी धुरी सरांना खुणावलं. नाईक जिन्यात उभे होते, त्यामुळे त्यांना पडद्यामागे जाता येईना. ते पुढे आले, तोंड उघडलं, मिटलं, नॅपकिनच्या ढिगाकडे पाहिलं आणि काही सुचेना म्हणून म्हणाले,

“हे... हे धुणार कोण?”

मी मनात म्हटलं, वाट लागली. पण त्या बाईंनी पर्स काउंटरवर ठेवली आणि कंबरेवर हात घेतला.

“काय सांगू तुम्हाला! त्या लाँड्रीवाल्याने जीव खाल्लाय माझा. माझं पार्लर आहे, आठवड्याला एवढा ढीग जातो. येताना निम्मे येतात, त्यातले दोन दुसऱ्याच कोणाचे. हेअर कलरचे डाग तर तसेच. वर म्हणतो, मॅडम तुमचं कापडच खराब!”

बाई बोलत राहिल्या. धुरी सर ऐकत राहिले. ऐकण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. आयुष्यभर गठ्ठ्यांमध्ये राहिल्याने मध्ये बोलायची सवयच नव्हती. शेवटी बाईच म्हणाल्या, “तुम्ही महिन्याच्या महिन्याला पाठवाल का हो?” धुरी सरांनी मान हलवली. झालं, पहिलं नाव मिळालं.

त्या संध्याकाळी ते हिशेब लागल्यासारखे फेऱ्या मारत होते. “कदम मॅडम, तुमच्या लक्षात येतंय का? घरी नेणारा म्हणेल, मशीनमध्ये टाकू. नाहीतर म्हणेल, बाई धुते. पण ज्याचा धंदा आहे, तो लाँड्रीवाल्याचं नाव काढणारच. आणि लाँड्रीवाल्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपल्याला काही विकायचंच नाही. नुसतं तक्रार ऐकायची.”

आणि खरोखर तसंच झालं. ‘तुम्ही काय करता?’ विचारताना ज्या आम्हाला घाम फुटायचा, त्याच आम्ही ‘हे धुणार कोण?’ असं पापड-लोणच्याचं विचारावं तितक्या सहज विचारू लागलो. दातांचे डॉक्टर सापडले. लॉजवाला सापडला. जिमवाला तर असा सापडला की घामाच्या वासाबद्दल बोलून बोलून त्याने मलाच घाम आणला. हेड ऑफिसने या प्रश्नाची ख्याती ऐकून त्याची इंग्रजीत स्लाइड केली आणि सगळ्या दुकानांना पाठवली. ‘तुमचा लाँड्री पार्टनर कोण आहे?’ असा काहीतरी त्याचा अवतार झाला होता. मुलुंडच्या दुकानात एका आजोबांनी तो प्रश्न ऐकून “अगं, माझी बायको जिवंत आहे अजून” असं सांगितलं म्हणे.

राहिली रेश्मा. ती अजून पडद्यांशीच बोलत होती. तिच्यासाठी धुरी सरांनी एक खास अभ्यास काढला, तो म्हणजे मच्छीबाजार. “अनोळखी माणसाची भीती घालवायची तर कोळणीला पापलेटचा भाव विचारायचा आणि न घेता परत यायचं,” ते म्हणाले. “त्यानंतर जगात कोणाशीही बोलता येईल.”

कल्पना काय वाईट नव्हती. मुंबईत वाढलेल्या माणसाला इन्कम टॅक्सवाल्याची जितकी भीती वाटणार नाही, तितकी भाव विचारून पाठ फिरवल्यावर कोळणीची वाटते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं स्टेशनजवळच्या बाजारात गेलो. “आधी मी करून दाखवतो,” धुरी सर म्हणाले आणि एका टोपलीपुढे उभे राहिले. भाव विचारला. मावशींनी सांगितला. धुरी सर म्हणाले, “बरं,” आणि वळले.

“काय रं दादा,” मागून आवाज आला, “भाव इचारून चाललास कुठं? मी काय बोर्ड लावून बसलंय? ताजा हाय बघ, डोले बघ त्याचे!”

धुरी सर परत वळले. त्यांनी पापलेटच्या डोळ्यांत पाहिलं. पापलेटने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग मुकाट्याने पिशवी पुढे केली. दुसऱ्या दिवशी हलवा आणला, तिसऱ्या दिवशी बोंबील. स्टाफ रूमच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा नाईकांनी तो अभ्यास बंद करायला सांगितलं. नाईक स्वतः शाकाहारी.

पण त्या तीन दिवसांत एक झालं. तिसऱ्या दिवशी धुरी सर बोंबलांपुढे गुंतले होते, तेव्हा शेजारच्या टोपलीवर रेश्माने कोलंबीचा भाव विचारला, “महाग आहे मावशी” असं स्पष्ट म्हणाली आणि चक्क चालू लागली. मावशींनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रेश्मा कोपऱ्यावर येऊन थांबली तेव्हा जे हसू होतं ते मी तिच्या तोंडावर पूर्वी पाहिलं नव्हतं. धुरी सरांना स्वतः नापास झाल्याचं काही वाटलं नाही. बोंबलाची पिशवी हातात धरून ते लग्नघरच्या बापासारखे सगळ्यांना सांगत सुटले, “आमची रेश्मा न घेता परत आली!”

नवरात्राच्या आधी आमची एक सोडून सगळी नावं झाली होती. बारावं नाव रेश्माने आणायचं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. दिवाळी जवळ आली होती, तरी आम्हाला चिंता नव्हती. धुरी सर आता आमच्यातच राहणार, हे आम्ही धरून चाललो होतो. ते पडद्यामागे जायचे, पण आता फक्त चहा प्यायला.

एका सकाळी पंचेचाळिशीचा एक माणूस आला. साधा शर्ट, डोक्यावर टोपी. काही न निवडता त्याने एकसारखे पांढरे टॉवेल मागितले, पन्नास. रेश्माचे डोळे चमकले. एका रंगाचे पन्नास म्हणजे लॉज नाहीतर हॉस्पिटल. मी मध्ये पडणार होते, पण धुरी सरांनी हाताने मला थांबवलं. हे तिचं गिऱ्हाईक होतं. रेश्मा पुढे झाली, सरळ त्याच्याकडे बघून, न अडखळता, छान हसून तिने विचारलं,

“दादा, हे टॉवेल धुणार कोण?”

तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला. मग हळू म्हणाला, “धुणार कोणी नाही. वाटायचेत. वडील गेले माझे. परवा तेरावं आहे. खांदा दिलेल्यांना आणि पाहुण्यांना टॉवेल द्यायची आमच्यात पद्धत आहे.” आणि त्याने टोपी काढली. डोक्याचं मुंडण झालेलं होतं.

आम्हा सगळ्यांच्या घरी कपाटात असले टॉवेल पडलेले आहेत. लग्नाला टॉवेल-टोपी, तेराव्याला टॉवेल, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? पण दोन महिन्यांच्या ट्रेनिंगने आमची नजर अशी तयार झाली होती की ढीग दिसायचा, ढिगामागचा माणूस दिसायचा नाही. रेश्माचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. ते आवरायचं कसं, हेच तिला कळेना. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी धुरी सरांकडे पाहिलं. ते पडद्यामागे जातील अशी माझी खात्री होती.

ते गेले नाहीत. काउंटरला वळसा घालून ते त्या माणसाजवळ आले, एक स्टूल ओढून त्याला बसवलं आणि स्वतः समोरच्या गठ्ठ्यावर बसले.

“किती वर्षांचे होते?”

“एक्याऐंशी.”

“हातीपायी धड होते?”

“आदल्या दिवशी वाडीत जाऊन आले होते,” तो म्हणाला, आणि रडायला लागला. धुरी सर तसेच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने तो आपणहून बोलू लागला. दहिसरला घर, आडनाव म्हात्रे. वडिलांची भाजीची वाडी होती, बिल्डरांना न विकता त्यांनी ती राखली होती. हे सगळं त्याला गेल्या अकरा दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं, आलेली माणसं ‘कसे गेले’ एवढंच विचारत होती. मी आणि रेश्माने टॉवेल बांधून दिले. जाताना म्हात्रे धुरी सरांचा हात धरून म्हणाले, “परवा जेवायला या. या मुलींनाही आणा. नाही म्हणू नका.”

धुरी सरांना नाही म्हणा असं सांगितलं असतं, तरी ते म्हणता आलं नसतं.

तेराव्याला आम्ही तिघं गेलो. घरापुढे मंडप, टेबलांवर पांढरी कापडं, पानात वडे, खीर, वालाची भाजी. आम्ही एका कोपऱ्यात खाली माना घालून जेवत होतो. मला तर वाढणाऱ्यांच्या नजरेला नजर देववत नव्हती. रेश्मा माझ्या शेजारी होती. खीर संपवून मी मान वर केली तर खुर्ची रिकामी. पाहते तर ती मंडपाच्या टोकाशी केटररजवळ उभी, आणि तिचा स्वच्छ, मोकळा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

“दादा, हे टेबलक्लॉथ धुतं कोण हो?”

धुरी सरांच्या हातातला वडा हातातच राहिला. “गो बाय माझे,” ते पुटपुटले.

केटरर बोलायला लागला होता. हळदीचे डाग, तेलाचे डाग, लाँड्रीवाला, त्याची बायको, त्याचा टेम्पो. दहिसरपासून वसईपर्यंत त्याची लग्नं होती, दोनदोन हजार पानं उठत होती. रेश्मा मान हलवत होती, अगदी धुरी सरांसारखी. म्हात्रे तिथून जाता जाता थांबले. आता हे रागावणार म्हणून मी डोळे मिटले. ते केटररला म्हणाले, “अरे, यांच्याकडूनच घे. चांगली माणसं आहेत.” घरी येईपर्यंत धुरी सर एक शब्द बोलले नाहीत. रेश्मा मात्र पहिल्यांदाच अखंड बोलत होती.

केटररचं खातं आमच्या अख्ख्या भागातलं सगळ्यात मोठं निघालं. बारा नावं पूर्ण झाली. आम्ही वरच्या मजल्यावर वडापाव मागवले. धुरी सरांनी रेश्माला आशीर्वाद दिला, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी अडकल्यासारखं दिसत होतं. “ती काय वाईट मनाने गेली नव्हती हो,” ते मला म्हणाले. “चुकून झालं ते झालं. म्हात्र्यांनाही काही वाटलं नाही. सोडून देऊ.”

सोडून दिलंही असतं, पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुमित सर आले. त्यांनी आम्हाला गोल बसवलं, लॅपटॉप उघडला आणि पहिल्याच स्लाइडवर धुरी सरांचा फोटो. आम्ही टाळ्या वाजवल्या.

“ब्रिलियंट काम केलंय सर तुम्ही,” सुमित सर म्हणाले. “बसून विचार करायचा प्रश्नच नाही आता. तुम्ही रिटायर होईपर्यंत आमचेच. आणि आता तुम्हाला सगळ्या दुकानांना शिकवायचंय.” त्यांनी पुढची स्लाइड लावली. ‘इमोशनल मोमेंट कनेक्ट’. “जो टॉवेल बल्कमध्ये घेतो, त्याच्या घरी फंक्शन असणार. लग्न, बारसं, तेरावं. स्टाफने बिलिंगला विचारायचं, कोण गेलं, कधी गेलं. थोडी सहानुभूती. मग दोन मुली तेराव्याला पाठवायच्या. तिथे केटरर, मंडपवाले, हॉलवाले सगळे एका जागी. धिस इज गोल्ड, सर. आणि ते जे तुम्ही त्या माणसासमोर बसलात ना, गुडघ्यावर हात ठेवून, नाईकांनी सांगितलं मला, ते आपण स्टेप बाय स्टेप शिकवायचं.”

नाईकांनी जमिनीकडे पाहिलं. धुरी सर उठून उभे राहिले. ते आता आभार मानायला उठलेत, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

“नको,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मी हे शिकवणार नाही. त्यांनी जेवायला बोलावलं म्हणून आम्ही गेलो. ते रडत होते म्हणून मी बसलो.” त्यांच्या तोंडून मालवणीचा एक शब्द आला नाही. “पोरींना कोणाच्या तेराव्याला ठरवून पाठवायचं, हे नको.”

सुमित सर हसले. “सर, तुम्ही शांतपणे विचार करा. आपण दोघं बसून—”

“केला विचार.”

मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, तीन वर्षं आहेत, घरी कोणी नाही, हो म्हणा आणि मग शिकवू नका. सगळे तसंच करतात. पण त्या क्षणी त्यांच्यासमोर असलं काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. रेश्मा रडत होती. तिला वाटत होतं, हे सगळं तिच्यामुळे झालं. धुरी सर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “तू छान बोलतेस. बोलायचं थांबू नकोस.” मग त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. सुमित सरांनासुद्धा केला.

पुढे ती स्लाइड सगळ्या दुकानांत गेली. कोणीतरी दुसऱ्याने शिकवली. रेश्मा आता बिझनेस कस्टमरचं काम बघते आणि चांगलं बघते. तेराव्याला मात्र ती जात नाही. ‘पाठवली होती, उशीर झाला’ असं काहीतरी नाईकच वर कळवून टाकतात.

त्या दिवशी धुरी सर नोकरी सोडून जिना उतरून गेले, तेव्हा मी वरच्या मजल्याच्या काचेशी जाऊन उभी राहिले. दिवाळीची खरेदी चालू होती, फुटपाथवर मुंगीला जागा नव्हती. समोर नव्या चष्म्याच्या दुकानाची एक मुलगी पत्रकं वाटत उभी होती. पहिलाच दिवस असावा. पत्रकं छातीशी धरून ती हात अर्धा पुढे करायची आणि माणूस जवळ आला की मागे घ्यायची. लोक तिला ओलांडून जात होते. धुरी सर पुढे निघून गेले होते. मग थांबले, वळले, गर्दीतून वाट काढत परत आले आणि तिच्यासमोर उभे राहून आपण होऊन तिला काहीतरी विचारलं.

काय विचारलं, ते काचेतून ऐकू आलं नाही. मुलगी आधी दचकली. मग हसली, मग बोलायला लागली. बोलता बोलता तिचे हात मोकळे झाले, पत्रक उघडून ती एकेक चौकट दाखवू लागली. धुरी सर चष्मा वर सरकवून वाचत होते, मध्येच काही विचारत होते. माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक आलं म्हणून मला मागे वळावं लागलं. तोवर तरी ती बोलतच होती.